सूर्यभान सरांच्या पाच खिडक्या

"खिडकी कुठंय याला?"

"न्हाई."

"नाही म्हणजे? घर म्हटलं की खिडकी आलीच."

"आली असंल. आमी असताना तर आली न्हाई."

"बाई, मी शास्त्रीय बोलतोय."

"बोला की. म्या कुठं तोंड धरलंय? तुमी घर काढा म्हनलं, पोरीनं घर काढलं. आता चुकलं कुठं ते शास्त्रात सांगा, न्हाईतर मराठीत सांगा."

सूर्यभान सरांनी कागद तिसऱ्यांदा टेबलावर सपाट केला. सातवीतल्या धनश्रीनं पेन्सिलीनं त्यावर कोपी काढली होती. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्याच्या माळावर पाचटाची आणि बांबूच्या तट्ट्यांची उभी करतात, ती. वर टोक, खाली वाकून शिरण्यापुरतं भोक, भोकासमोर तीन दगडांची चूल. शेजारी एक बैल. घरापेक्षा मोठा आणि घरापेक्षा मन लावून काढलेला.

"आणि हा बैल एवढा का?"

"बैल मोठाच असतो."

"घरापेक्षा?"

"मग कोपीत मावतो का बैल? तुमीच सांगा भावजी."

"शाळेत सर म्हणायचं."

"बरं. सर भावजी."

समोर बसलेली बायडाबाई ही धनश्रीची आई. सर तिच्या नवऱ्याच्या, सहादेवच्या, भावकीतले. गावात ती त्यांना भावजी म्हणायची आणि ते तिला वहिनी. शाळेच्या फाटकातून आत आलं की मात्र वहिनीची बाई व्हायची. फाटक ओलांडताना नातं चपलेसारखं बाहेर काढून ठेवायचं, असा सरांचा नियम होता. बायडाबाईच्या पायात मुळात चप्पल नव्हती, त्यामुळे तिला तो कधी कळला नाही.

ती आली होती एका सहीसाठी. शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्म त्या दिवशी दुपारच्या एसटीनं तालुक्याला जायचे होते. सातवीतल्या सगळ्यांचे फॉर्म भरून झाले होते. फक्त धनश्रीच्या फॉर्मवर 'मार्गदर्शक शिक्षकाची शिफारस' या रकान्यात सही नव्हती. मुकादमाचा ट्रक परवा निघणार होता. सहादेवनं घरात निकाल दिला होता, "परीक्षा असंल तर पोर ऱ्हाऊ दे चुलतीपाशी. नुसती बाकावर बसायला ठिवायची असंल तर फडात चल म्हनावं. बारकं पोरगं तरी सांभाळंल." चुलतीही तेच म्हणाली होती. म्हणजे सही झाली तर धनश्री गावात, नाही झाली तर उसात.

आणि सही अडली होती खिडकीपाशी.

एका चौकोनासाठी चांगली दोन हातांची, दोन डोळ्यांची पोरगी कशी अडते, हे समजायला सूर्यभान सर समजून घ्यायला हवेत.

सूर्यभान सर तिसगावापासून तीन कोसांवरच्या आमच्या वाडीत मराठी आणि चित्रकला शिकवायचे. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. निळं वापरायचं, लाल दाखवायचं. बोलताना आधी घसा साफ करायचे आणि मग भाषा. गावातला माणूस पारावर "काय मास्तर, कुठं गेल्ता?" म्हणाला की सर उत्तर द्यायचे, "जरा बाहेर गेलो होतो." ऐकणाऱ्याला वाटायचं, मास्तर नसून बातम्या आल्यात.

ही भाषा त्यांनी कमावलेली होती. त्यांचे आईवडील जन्मभर ऊसतोडीला गेले. सर स्वतः सहावीपर्यंत दर दिवाळीनंतर बैलगाडीत बसायचे आणि पाडव्याच्या पुढंमागं परत यायचे. शाळेच्या हजेरीपटावर तेवढे महिने त्यांच्या नावापुढं शून्यांची माळ असायची. सातवीच्या वर्षी आई राहीबाई अडून बसली. "ह्याला न्यायचा न्हाई. न्हेलं तर मी बी येत न्हाई," म्हणाली. पोराला तिनं तिसगावात बहिणीच्या दारात उभं केलं आणि मागं न बघता निघून गेली. पुढं डीएड झालं, नोकरी लागली, नगरजवळच्या केडगावची बायको झाली.

लग्न ठरताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "वडील काय करायचे?"

"साखर उद्योगात होते," सर म्हणाले.

"कुठल्या खात्यात?"

"वाहतूक."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. बैल दोन होते आणि गाडी स्वतःची होती.

नोकरीच्या सहाव्या वर्षी सरांनी घर बांधलं. दोन खोल्यांना पाच खिडक्या. गवंडी म्हणाला, "सर, भिंत कुठं बांधू?" तरी पाच बसवल्या. उन्हाळ्यात आमच्याकडं धूळ अशी येते की ती पाहुण्यासारखी दारातून येत नाही, मालकासारखी कुठूनही येते. सरांच्या बायकोनं पहिल्या आठवड्यात पाचही खिडक्या लावून घेतल्या, त्या तशाच राहिल्या. राहीबाई त्या घरात दोन वर्षं राहिली. राहिली म्हणजे ओट्यावर राहिली. "आत कोंडल्यागत हुतंय," म्हणायची. ओट्यावरच गेली.

त्या जूनमध्ये शाळेत एक पत्र आलं. विविध सामाजिक आणि सांस्कृतिक पार्श्वभूमीच्या मुलांना समजून घेण्यासाठी पुण्यात दहा दिवसांचं मार्गदर्शक शिक्षक प्रशिक्षण. मुख्याध्यापक काकासाहेबांनी पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवलं. विविध पार्श्वभूमीची मुलं समजून घ्यायला कोणी तयार होईना, कारण पेरणीचे दिवस होते. शेती नसलेले एकटे सूर्यभान सर होते.

"सर, तुम्ही जा. तुम्हाला भाषा आहे."

सर गेले. दहा दिवसांनी परत आले ते समुपदेशक होऊन. हातात प्रमाणपत्र, बगलेत कसोट्यांची पुस्तिका. काकासाहेबांनी सामानाची खोली रिकामी करून दिली आणि दारावर पाटी लागली, 'मार्गदर्शन व समुपदेशन कक्ष'. रिकामी म्हणजे मोडकी बाकं बाहेर गेली. नकाशे राहिले, आणि दारामागच्या खिळ्याला लेझमी राहिल्या. दार उघडलं की लेझमी वाजायच्या. मनातलं बोलायला येणारं पोर वाजतगाजत आत यायचं आणि सगळ्या शाळेला कळायचं की अमक्याच्या मनात काहीतरी आहे.

पहिली कसोटी होती 'घराचे चित्र'. मुलाला कागद द्यायचा, 'तुझे घर काढ' म्हणायचं, आणि चित्रावरून त्याचं मन ओळखायचं. पुस्तिकेत सगळं दिलेलं. खिडकी असेल तर मूल जगाशी संवाद साधतं. खिडकी नसेल तर मूल मिटलेलं, भावनिक अभावग्रस्त. दार मोठं म्हणजे मोकळेपणा. घराभोवती झाड म्हणजे सुरक्षितता. पुस्तिका कोणी लिहिली ते माहीत नाही. पण लिहिणाऱ्याच्या घराला गॅलरी असावी.

सातवीत शेहेचाळीस पोरं. सरांनी दोन तास निकाल लिहिले आणि घाम पुसत मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

"साहेब, परिस्थिती गंभीर आहे."

"कोण पडलं विहिरीत?"

"एकतीस मुलं भावनिक अभावग्रस्त आहेत."

काकासाहेबांनी चष्मा वर केला. "काल तर बरी होती. कबड्डी खेळत होती."

"ते वरवरचं असतं."

निकालाची वही अजून आहे शाळेत. सरांचं अक्षर सुरेख. मेंढपाळाच्या छगननं घर काढलंच नव्हतं. घोडं काढलं होतं, घोड्यावर बोचकं, मागं मेंढरं. निकाल : 'बालकात पलायनवृत्ती दिसते.' छगनला विचारलं, तर म्हणाला, "पळत न्हाई सर. दमादमानंच जातो आमी. कोकरं असत्यात." तांबोळ्यांच्या मुलीनं दारात पडदा काढला होता. निकाल : 'काहीतरी लपवते.' सम्राटनं स्वतःचं घर कागदाच्या एका कोपऱ्यात काढलं होतं आणि गाव दुसऱ्या कोपऱ्यात, मधे ओढा. निकाल : 'बालक स्वतःहून समाजापासून अलिप्त राहते. समाजात मिसळण्याचा सल्ला द्यावा.'

सल्ला घ्यायला सम्राटचे वडील रंगनाथ आले होते. नगरला एमआयडीसीत कामाला, सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून. लेझमी वाजल्या.

"बसा. सम्राटनं घर गावाबाहेर काढलंय."

"बरोबर काढलंय."

"पण अलिप्तता वाढतेय त्याची."

"सर, ती आमच्या आज्याच्या आधीपासून वाढलेलीच आहे. ओढ्याच्या ह्या बाजूला जागा आम्ही नाही निवडली."

"तरी, त्यानं समाजात मिसळायला हवं."

रंगनाथनं खिशातून छोटी डायरी काढली, पेन काढलं. "कधी येऊ?"

"कुठं?"

"मिसळायला. वार सांगा, म्हणजे तशी सुट्टी टाकतो. आणि कुणाच्या घरी यायचं तेही सांगा. तुमच्याकडनं सुरुवात करू का? चहालाच येतो."

सर म्हणाले, पुस्तिका पाहून कळवतो. त्यांनी पुस्तिका पाहिली असणार. कळवलं मात्र नाही.

ज्यांच्या घराला खिडक्या निघाल्या ते पंधराजण म्हणजे दुकानदाराची पोरं, ग्रामसेवकाची मुलगी, पाटलाकडचे तिघं, असे. काकासाहेबांच्या पुतण्यानं एकाच भिंतीला चार खिडक्या काढल्या होत्या. निकाल : 'नेतृत्वगुण.'

आता एकतीस अभावग्रस्त पोरांचं करायचं काय? काकासाहेब अनुभवी होते. पटपडताळणीला शेजारच्या वाडीची पोरं आणून बसवणारा माणूस.

"सर, तुमच्या त्या पुण्याच्या मॅडम तपासायला येणार आहेत ना?"

"ऑक्टोबरात. शिष्यवृत्तीचे फॉर्मही तेव्हाच जातील. शिफारस मलाच करायची आहे."

"मग अभावग्रस्तांची शिफारस कशी करणार तुम्ही? आपली शाळा काय दिसेल?"

"म्हणून तर म्हणतो, गंभीर आहे."

"गंभीर काही नाही. फळ्यावर एक चांगलं घर काढा. पोरांना दोन महिने गिरवू द्या. परत कसोटी घ्या. पोरं सुधारतात, सर. आपण संधी दिली पाहिजे."

"पण साहेब, मुलांची विविधता..."

"ठेवा की. रंग ज्याला जो पाहिजे तो भरू द्या. खिडक्या तेवढ्या सारख्या ठेवा."

सरांनी फळ्यावर घर काढलं. दोन डोंगर, मधून सूर्य, उतरतं छप्पर, दार, दोन्ही बाजूंना खिडक्या, अंगणातून नदी आणि नदीकाठी नारळ. आमच्या तालुक्यात नदी म्हणजे पावसाळ्यात आठ दिवस वाहणारी वाळू. नारळ लागतो तो किराणा दुकानात. पण दोन महिन्यांत तीस पोरांनी नदीकाठी घरं बांधली. छगनच्या मेंढरांना छप्पर मिळालं. सम्राटचं घर एकदम गावच्या मधोमध आलं, आणि ओढ्याची झाली नदी. प्रत्यक्षात कोणी इंचभर हललं नव्हतं. दुसऱ्या कसोटीत तीस मुलं भावनिकदृष्ट्या बरी झाली. शास्त्राला असा गुण क्वचित येतो.

राहिली एक.

"धनश्री, पुन्हा कोपीच काढलीस?"

"तुमी म्हनले, तुझं घर काढ."

"फळ्यावर कोणतं आहे?"

"ते तुमचं हाय."

"माझं नाही गं. ते... आदर्श आहे."

"मग आदर्श घर काढ म्हना. काढते."

"तुझं गावातलं घर का नाही काढलंस?"

"त्याला कुलूप असतंय, सर."

म्हणून बायडाबाईला बोलावणं गेलं होतं, म्हणून ती समोर बसली होती, आणि भिंतीवरचं घड्याळ साडेअकरा दाखवत होतं. धनश्री आईच्या मागं उभी होती, कडेवर धाकटा भाऊ. तो लेझमीकडं हात करत होता.

"एक काम करू," सर आवाज खाली आणत म्हणाले. "फार नाही. इथं एक चौकोन काढ. मधे फुली. झाली खिडकी. मी सही करतो."

त्यांनी स्वतःचं निळं पेन तिच्यापुढं धरलं. धनश्रीनं कागदाकडं बघितलं.

"सर, तिथं न्हाई काढता यायची."

"का?"

"वारं त्याच अंगानं येतंय. बाळ आजारी पडतंय मग."

"अगं, कागदावर कुठलं वारं?"

"कोपी तर खरी हाय ना."

बायडाबाईनं पदरानं तोंड झाकलं. हसू होतं की काय होतं, कळलं नाही. "भावजी, आता तुमीच काढा. तुमची चित्रकला चांगली. वारं कुठल्या अंगानं येतं ते तुमाला बी म्हाईत हाय."

"बाई, इथं वैयक्तिक..."

लेझमी वाजल्या. दारात काकासाहेब होते आणि त्यांच्या मागं पुण्याच्या दीपा मॅडम.

दीपा मॅडम मनानं फार चांगल्या होत्या, आणि ते कोणालाही पहिल्या मिनिटात कळेल याची काळजी घेत. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, गळ्यात मण्यांची माळ. आल्याआल्या त्या बायडाबाईशेजारच्या बाकावर बसल्या, खुर्ची नको म्हणाल्या.

"पालकही आल्यात. किती छान. हेच तर हवंय आपल्याला." मग टेबलावरचा कागद उचलला. "अरे वा. हा तंबू ना? सहलीला गेली होतीस का बाळा?"

"व्हय," बायडाबाई म्हणाली. "दर साली सहा म्हैने. परवा निघायचंय. येता का?"

काकासाहेब खोकले. "मॅडम, बाकीची चित्रं बघा. पंचेचाळीस मुलं, शंभर टक्के खिडक्या."

मॅडमनी गठ्ठा चाळला. डोंगर, सूर्य, नदी, नारळ. डोंगर, सूर्य, नदी, नारळ. पाचव्या कागदाला त्यांच्या कपाळावर एक आठी आली. दहाव्याला गेली. "खूपच संतुलित वर्ग आहे," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. "मग या मुलीचा काय प्रश्न आहे?"

"खिडकी," काकासाहेब म्हणाले.

"खिडकी," सर म्हणाले.

"हं." मॅडमनी मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी. "घाबरायचं नाही हं. काही मुलांना आपलं घर आठवायला वेळ लागतो. तिला एक चांगलं उदाहरण दाखवू या. माझ्याकडं आहे. सर, तुमची हरकत नाही ना?"

सरांची हरकत असावी. पण ती त्यांच्या कमावलेल्या भाषेत वेळेवर सापडली नाही. तोवर मॅडमनी शबनममधून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला होता.

"प्रशिक्षणात मी सगळ्या शिक्षकांना त्यांचं लहानपणचं घर काढायला सांगितलं होतं. साठ शिक्षक होते. त्यातलं हे सर्वोत्तम. मी आता प्रत्येक जिल्ह्यात हेच दाखवते. सुरक्षित बालपण कसं दिसतं, त्याचा नमुना म्हणून."

कौलारू घर. पाच खिडक्या. अंगणात नारळ. मधल्या खिडकीत एक बाई कमरेपर्यंत काढलेली, डोक्यावर पदर, एक हात गजाला. सुरेख रेघ होती. धनश्री आईच्या खांद्यावरून वाकून बघत राहिली.

"कुनाचं म्हनायचं हे?" बायडाबाईनं विचारलं.

"तुमच्या सरांचं."

बायडाबाईनं सरांकडं बघितलं. सर नकाशाकडं बघत होते. महाराष्ट्राचा होता, नद्यांचा.

पहिल्या वर्षी नवी नवरी म्हणून टोळीत आली, तेव्हा बायडाबाईची कोपी राहीबाईच्या कोपीला लागून होती. मधे एक तट्ट्या. राहीबाईला ती आत्याबाई म्हणायची. राहीबाईनं तिला मोळी बांधायला शिकवलं, कोयता कसा धरायचा ते शिकवलं. तांबडं फुटायच्या आधी त्या दोघी फडात असायच्या आणि दिवस मावळल्यावर परत यायच्या. सहा-सात वर्षांचा सूर्यभान दिवसभर कोपीच्या भोकाशी बसून असायचा, बैलांना धरून. बायडाबाई हे सगळं तिथल्या तिथं सांगू शकली असती. ऐकायला पुण्याच्या मॅडम होत्या, मुख्याध्यापक होते. एवढी बैठक तिला आयुष्यात मिळाली नव्हती.

ती म्हणाली, "झ्याक घर हाय."

"आहे ना?" मॅडम खूष झाल्या.

"नारळ बी हाय. पानी लई लागत असंल."

"आणि ही खिडकीतली बाई बघा. ही आई. मुलगा शाळेतून यायची वाट बघतेय. मुलाला खात्री आहे की आई खिडकीत असणार. ही खात्री फार महत्त्वाची असते. तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

"येकाच गावच्या आमी."

काकासाहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, बारा वाजता एसटी आहे. एवढ्या एका फॉर्मचा निर्णय झाला की... पोरीनं खिडकी काढली तर जाईल, नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

"फुडच्या वर्सी आठवी असती साहेब," बायडाबाई म्हणाली. "सातवीची परीक्षा सातवीतच आस्ती. आमी अडानी, पर येवढं कळतं."

"मग काढू दे की खिडकी. एवढा कसला ताठा?"

"ताठा न्हाई. तिला खोटं काढता येत न्हाई. शिकंल हळूहळू, शाळंत ऱ्हायली तर."

हे ती कोणाकडं न बघता म्हणाली. मग पुढं वाकली, आणि हाताचं बोट, कोयत्यानं जाड झालेलं, त्या मधल्या खिडकीवर अलगद टेकवलं. चित्राला डाग लागू नये म्हणून आधी लुगड्याला पुसून घेतलं होतं.

"भावजी," ती म्हणाली. सर म्हणायचं विसरली नव्हती, म्हणाली नाही. "आत्याबाई हितं खिडकीत काय करीत हुत्या?"

धाकट्यानं एका लेझमीला हात घातला होता, ती एकदा किणकिणली आणि धनश्रीनं त्याचा हात धरला.

सूर्यभान सरांनी नकाशावरची नजर काढली. फॉर्म ओढून घेतला. निळं पेन उघडलं. शिफारशीच्या रकान्यात सही केली. शेरा लिहायला जागा होती, तिथं थोडा वेळ पेन टेकवून ठेवलं आणि मग लिहिलं, 'चित्र अचूक.' शिक्का शाईत दाबला आणि कागदावर इतका जोरात मारला की टेबलावरची पुस्तिका हलली.

"सर?" दीपा मॅडम गोंधळल्या होत्या. "पण खिडकी? निकष तर... मी या चित्राला गुण काय देऊ? आणि या बाई काय विचारताहेत तुम्हाला?"

"सर, पुण्याला काय दिसेल हे?" काकासाहेब म्हणाले. "अहो सर. कुठं निघालात?"

सरांनी फॉर्म दुमडला नाही. दोन्ही हातांनी सपाट धरला, परीक्षेची उत्तरपत्रिका धरतात तसा. स्वतःचं चित्र टेबलावर तसंच ठेवलं, बायडाबाईच्या बोटाखाली. तिच्या समोरून जाताना मान थोडी खाली घातली, दार कोपीचं असावं तशी, आणि दार ओढलं. लेझमी वाजल्या. एसटीचा हॉर्न फाट्यावर ऐकू येत होता, आणि सर त्या दिशेनं चालू लागले होते.